नसलेल्या कणाची आठ महिन्यांची कारकीर्द

१५ डिसेंबर २०१५. जिनिव्हा शहराच्या वेशीवर, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दीवर वसलेल्या ‘सर्न’ या संशोधन-केंद्रात त्या दिवशी दुपारी दोन व्याख्याने झाली. वर्षभरात जमलेल्या नोंदींचा हिशेब मांडण्याचा तो कार्यक्रम होता. लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे जगातले सर्वांत शक्तिशाली टक्कर-यंत्र दोन वर्षांच्या दुरुस्तीनंतर त्याच वर्षी पुन्हा सुरू झाले होते आणि पूर्वीच्या दीडपटीहून अधिक ऊर्जेने चालू लागले होते. या यंत्रावर ‘अ‍ॅटलास’ आणि ‘सीएमएस’ अशी दोन मोठी पथके काम करतात. दोघांची उपकरणे वेगळी, माणसे वेगळी, आणि निष्कर्ष जाहीर होईपर्यंत एकाने दुसऱ्याला आपले आकडे दाखवायचे नाहीत असा दंडक. त्या दिवशी दोन्ही पथकांनी इतर अनेक आलेखांबरोबर एकेक असा आलेख दाखवला की, त्यातल्या उतरत जाणाऱ्या रेषेवर लहानसा उंचवटा होता. आणि दोन्ही आलेखांत तो जवळजवळ एकाच ठिकाणी होता.

उंचवटा म्हणजे तरी किती? अ‍ॅटलासच्या आलेखात अपेक्षेपेक्षा डझनभराच्या आसपास जास्त नोंदी होत्या. सीएमएसच्या आलेखात त्याहून कमी. तेवढ्यावरून, प्रोटॉनच्या सुमारे आठशे पट जड असा एखादा अज्ञात कण निसर्गात असावा, असा तर्क निघाला. पुढच्या आठ महिन्यांत या तर्कावर पाचशेहून अधिक शोधनिबंध लिहिले गेले. आठवा महिना सरण्याआधीच तो कण नव्हताच असे निष्पन्न झाले!

ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी आहे आणि ती तशी नेलीही गेली. पण ‘नवे भौतिकशास्त्र शोधणे’ म्हणजे ही मंडळी तिथे बसून नेमके काय करतात, हे या फसलेल्या प्रकरणातून जितके स्वच्छ कळते तितके कोणत्याही यशाच्या कहाणीतून कळत नाही, असे मला वाटते. यशाच्या कहाणीत शेवट आधीच ठाऊक असतो. इथे तो कोणालाच ठाऊक नव्हता.

एवढी घाई कशाची होती, हे आधी पाहू. द्रव्य कशाचे बनले आहे याचे आजचे उत्तर ‘स्टँडर्ड मॉडेल’ या नावाने ओळखले जाते. सहा क्वार्क, इलेक्ट्रॉन आणि त्याचे पाच भाऊबंद, निरनिराळी बले वाहून नेणारे कण, आणि यांतल्या बहुतेकांना वस्तुमान मिळण्यामागे ज्याचा हात आहे तो हिग्ज कण, असे हे सतरा जणांचे कुटुंब. हिग्जची कल्पना १९६४ साली मांडली गेली आणि तो सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली. तेव्हापासून कोष्टकातले सारे रकाने भरले आहेत. गणित इतके चोख की प्रयोगातले आकडे त्याच्याशी वर्षानुवर्षे जुळत आले आहेत.

आणि तरीही हे कोष्टक अपुरे आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्यावरून विश्वात साध्या द्रव्याच्या पाचपटीहून अधिक असे काहीतरी न दिसणारे द्रव्य असले पाहिजे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात, आणि सतरा जणांपैकी एकही त्या वर्णनात बसत नाही. न्यूट्रिनोंना थोडेसे वस्तुमान आहे; ते का, हे मूळ मॉडेल सांगत नाही. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच जन्मले असतील तर प्रतिद्रव्य गेले कुठे? गुरुत्वाकर्षणाला तर या कुटुंबात पाटच मांडलेला नाही. म्हणजे पाहुणा येणार हे नक्की. तो कोणत्या गाडीने येणार आणि दिसायला कसा असेल, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

अशा पाहुण्याची वाट पाहण्यासाठी जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर सत्तावीस किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यात पंधरा मीटर लांबीचे १,२३२ मुख्य चुंबक उणे २७१ अंश सेल्सिअसला, म्हणजे दूरच्या अंतराळाहूनही थंड ठेवलेले. त्यांच्यामधून प्रोटॉनांचे पुंजके उलटसुलट दिशांनी धावतात, एका सेकंदात अकरा हजारांहून जास्त फेऱ्या. ठरावीक ठिकाणी ते एकमेकांतून आरपार जातात, सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा. प्रत्येक पुंजक्यात शंभर अब्जांहून अधिक प्रोटॉन असूनही एका भेटीत जेमतेम काही डझन खरोखर एकमेकांवर आदळतात.

या टकरींविषयी लिहिताना एक उपमा नेहमी दिली जाते. घड्याळाच्या आत काय आहे ते पाहायला दोन घड्याळे एकमेकांवर आपटायची आणि उडालेल्या चाकांवरून अंदाज बांधायचा. उपमा चटकदार आहे, पण फसवी आहे. हिग्ज काही प्रोटॉनच्या पोटात लपलेला नसतो; तो प्रोटॉनपेक्षा शंभरपटीहून जड आहे. टकरीची ऊर्जा वस्तुमानात बदलते आणि आधी तिथे नसलेली वस्तू जन्माला येते. दोन घड्याळांच्या टकरीतून शिलाई मशीन बाहेर पडावे असाच हा प्रकार! आणि हे मशीन कोणाच्या नजरेस पडण्याआधीच मोडते. उपकरणापर्यंत पोहोचतात ते त्याचे तुकडे, म्हणजे ओळखीचेच कण. मुलांच्या नाकाडोळ्यांवरून आईबाप ओळखावे तसे त्या तुकड्यांच्या ऊर्जा आणि दिशा मोजून मूळ कणाचे वस्तुमान काढायचे.

२०१५ मधल्या आलेखात ही मुले म्हणजे प्रकाशकणांच्या, फोटॉनांच्या जोड्या होत्या. अशा जोड्या साध्यासुध्या टकरींतूनही भरपूर निघतात. कमी ऊर्जेच्या जास्त, जास्त ऊर्जेच्या कमी, अशी त्यांची रेषा घसरगुंडीसारखी सरळ उतरत जाते. मध्येच एखादा जड कण मोडून फोटॉन देत असेल तर त्याच्या वस्तुमानाशी थोडी जास्त गर्दी होते. हिग्जचा माग याच पद्धतीने १२५ या आकड्यापाशी लागला होता (एकक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पण त्याच्यात शिरायला नको). आता गर्दी ७५० पाशी दिसत होती.

म्हणजे नवा कण चेहरा दाखवत नाही. ‘जितके असायला हवेत त्यापेक्षा थोडे जास्त’ एवढीच त्याची खूण. आणि थोडे जास्त म्हणायचे तर आधी किती असायला हवेत ते अचूक ठाऊक पाहिजे. त्यामुळे या प्रयोगशाळांतले बहुतेक कष्ट नव्याच्या मागे जात नाहीत, ते जुन्याची मोजदाद पक्की करण्यात जातात.

मोजदाद पक्की असली तरी योगायोग उरतोच. शिवाजी पार्कवर पाच हजार मुले जमवा आणि प्रत्येकाला दहा वेळा नाणे उडवायला सांगा. चार-पाच मुलांना दहाही वेळा छापा पडेल. त्या मुलांपुरते पाहिले तर हा चमत्कारच, हजारात एकदा घडणारा. पण आपण मुले पाच हजार जमवली होती! कोलायडरवर तेच होते. आलेख शेकडो, प्रत्येक आलेखात तपासण्याच्या जागा अनेक. कुठे ना कुठे उंचवटा दिसायचाच. म्हणून शास्त्रज्ञ शक्यता दोन तऱ्हांनी सांगतात. ७५० या एकाच जागेपुरते बोलायचे तर अ‍ॅटलासचा उंचवटा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता काही हजारांत एक होती. सगळ्या जागा पाहिल्या हे लक्षात घेतले की तीच शक्यता पन्नास ते शंभरांत एक इतकी साधी झाली. ‘शोध लागला’ असे म्हणण्यासाठी या क्षेत्रात मान्य असलेली अट आहे ती सुमारे पस्तीस लाखांत एक. ही अट ऐकणाऱ्याला अतिरेकी वाटते. पण शंभरात एकाच्या भरवशावर घोषणा करायच्या ठरवल्या तर दर वर्षी दोन-चार नवे कण जाहीर करून पुढल्या वर्षी मागे घ्यावे लागतील.

दोन्ही पथकांनी त्या दिवशी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले होते. शोधाचा शब्दही त्यांनी उच्चारला नव्हता. बातम्यांत मात्र पहिला आकडा झळकला आणि दुसरा बहुतेक ठिकाणी गळाला. सिद्धांत मांडणाऱ्या मंडळींनाही तो फारसा दिसला नाही. हा हिग्जचा थोरला भाऊ आहे, हा गुरुत्वाकर्षणाचा वाहक आहे, हा आणखी लहान घटकांचा बनलेला आहे, हा कृष्णद्रव्याकडे जाणारा दरवाजा आहे, अशी नाना स्पष्टीकरणे आली. गंमत अशी की ७५० पाशी कण असेल असे यापैकी कोणत्याही सिद्धांताने आधी सांगितले नव्हते. घटनेनंतर भविष्य सांगणारे ज्योतिषी आपल्याकडेही कमी नाहीत.

पाचशे निबंध वाया गेले का? माझे मत असे की पुष्कळसे गेले, पण सगळे नाहीत. असा कण असता तर तो आणखी कोणकोणत्या रूपांनी दिसला पाहिजे, हे त्यानिमित्ताने बारकाईने तपासले गेले, आणि त्या तपासणीचा उपयोग पुढच्या शोधांना होतो. आपल्या नावावर पहिला निबंध लागावा म्हणून झालेली धावपळ मात्र निव्वळ धावपळ होती.

निकाल लागायला नव्या नोंदी हव्या होत्या. २०१६ च्या वसंतात यंत्र सुरू झाले, सगळ्यांचे डोळे त्याकडे लागले, आणि २९ एप्रिलला ते अचानक बंद पडले. मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी ६६,००० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरला होता. प्राणी मेला, वीज गेली, आणि विश्वाचे कोडे आठवडाभर खोळंबले! दुरुस्ती झाल्यावर यंत्र असे झपाट्याने चालले की उन्हाळा सरेपर्यंत आदल्या वर्षाच्या सुमारे चौपट नोंदी जमा झाल्या. ५ ऑगस्ट २०१६ रोजी शिकागोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दोन्ही पथकांनी नवे आलेख दाखवले. कण खरा असता तर नोंदींबरोबर उंचवटाही वाढला असता. तिथे आता सरळ उतरणारी रेषा होती.

सर्नमध्ये हे पहिल्यांदाच घडले असे नाही. १९८३ साली कार्लो रुबिया यांच्या पथकाने तिथल्याच जुन्या यंत्रावर डब्ल्यू आणि झेड हे कण शोधले आणि पुढच्या वर्षी त्यांना नोबेल मिळाले. त्याच १९८४ साली त्या पथकाला काही चमत्कारिक टकरी दिसल्या. एका बाजूला कणांचा जोरदार फवारा आणि समोरच्या बाजूला काहीच नाही. तोल साधायचा तर समोरून काहीतरी अदृश्य निसटले असले पाहिजे. ‘सुपरसिमेट्री’ या तेव्हाच्या लाडक्या सिद्धांतातले कण ते हेच, असे बोलले जाऊ लागले. मग इटलीचे ग्विदो अल्तारेल्ली आणि इतरांनी हिशेब पुन्हा मांडला. घरखर्चाचा मेळ लागत नाही तेव्हा आधी कोणावर तरी संशय जातो. आणि मग पान, रिक्षा, वर्गणी, पोस्टाची तिकिटे अशी चिल्लर मांडत गेले की पाचशे रुपये बरोबर सापडतात. इथेही तसेच झाले. एकही मोठा खुलासा नव्हता. अगदी क्षुल्लक, ओळखीच्या अशा अनेक प्रक्रियांची बेरीज केली आणि गूढ संपले.

अलीकडचे उदाहरण अधिक चटका लावणारे आहे. कोलायडरवरच्या ‘एलएचसीबी’ या तिसऱ्या पथकाने मार्च २०२१ मध्ये सांगितले की, एक विशिष्ट जड कण मोडताना इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांच्या मानाने म्यूऑनांच्या जोड्या कमी देतो. स्टँडर्ड मॉडेलनुसार निसर्ग या दोन भावंडांत असा दुजाभाव करत नाही. योगायोगाची शक्यता हजारात एक अशी, आणि वर्षानुवर्षे आकडे त्याच दिशेला झुकत आलेले. ही गोष्ट टिकेल असे अनेक शहाण्यासुरत्यांना वाटत होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच पथकाने स्वतःचेच विश्लेषण पुन्हा तपासून जाहीर केले की फरक नाही. इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्यांत काही तोतये होते. दुसरेच कण इलेक्ट्रॉनचा वेश घेऊन गणतीत शिरले होते. ज्यांनी आशा दाखवली त्यांनीच ती मोडली, आणि मला यातली ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या, २०११ मध्येच बंद झालेल्या टेव्हाट्रॉन यंत्राच्या जुन्या नोंदींवरून डब्ल्यू कणाचे वस्तुमान अपेक्षेपेक्षा जास्त भरले, तेव्हाही खळबळ माजली; २०२४ मध्ये सीएमएसने केलेले मोजमाप पुन्हा जुन्या अपेक्षेशी जुळले.

स्वतःची फसवणूक टाळण्याची एक युक्ती या पथकांनी अंगी बाणवली आहे. परीक्षकाला विद्यार्थी कळू नये म्हणून आपण उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक झाकतो. इथे जिथे नवा कण असण्याची शक्यता आहे तो आलेखाचा भाग झाकून ठेवतात. पद्धत, चाळण्या, दुरुस्त्या सगळे काही आधी ठरवायचे, त्यावर शिक्कामोर्तब करायचे, आणि मगच पडदा उघडायचा. २०१२ मध्ये हिग्जच्या बाबतीत असेच केले होते.

या कामात आपली माणसे पहिल्यापासून आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गट सीएमएसमध्ये आहे. त्या उपकरणाच्या बाह्य भागातला, मुख्य थरांतून निसटणारी ऊर्जा पकडणारा थर उभारण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. जुन्याची मोजदाद पक्की करण्याचे म्हणाल तर पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांचे नाव घ्यावेच लागेल. मुंबई विद्यापीठात शिकवत असताना, १९९१ च्या सुमारास, जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिले की, अतिशय उच्च ऊर्जेला प्रकाशकणसुद्धा आत क्वार्क असल्यासारखे वागतात, आणि त्यामुळे भविष्यातल्या इलेक्ट्रॉन-यंत्रांत सामान्य कणांचा केवढा तरी गोंगाट उठू शकतो. यंत्र बांधणाऱ्यांना तो हिशेबात धरावा लागला. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी सुपरसिमेट्री आणि हिग्ज यांवर दीर्घकाळ काम केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गेल्या. ज्या सुपरसिमेट्रीच्या कणांवर त्यांनी दोन सहकाऱ्यांसह जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यांतला एकही कण त्यांच्या हयातीत दिसला नाही.

आता खरा प्रश्न पैशाचा आहे. जुन्या यंत्राने डब्ल्यू आणि झेड शोधले तेव्हा ते कुठे सापडतील हे आधी माहीत होते. सध्याचे यंत्र बांधताना भौतिकशास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगू शकत होते की, एक तर हिग्ज सापडेल, नाहीतर त्याच्या जागी दुसरे काहीतरी सापडलेच पाहिजे. यापुढच्या यंत्राविषयी असा शब्द कोणीही देऊ शकत नाही. सर्नने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार पुढचा बोगदा सुमारे ९१ किलोमीटर घेराचा असेल आणि पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक येईल. अमेरिकेने टेक्सासमध्ये ८७ किलोमीटरचा असाच घाट घातला होता. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्ची पडल्यावर १९९३ साली तिथल्या संसदेने तो मोडीत काढला. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, वर्गणी भरतो. तेव्हा हा वाद अगदीच परक्याच्या अंगणातला नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला पोरकट वाटत नाही. इतक्या पैशात खगोलशास्त्राची, लहान प्रयोगांची कितीतरी कामे होतील हे खरेच आहे. पण ‘काही सापडले नाही, म्हणून बंद करा’ हा युक्तिवाद पटत नाही. सुपरसिमेट्रीची सर्वांत सोपी, देखणी रूपे आज जवळपास बाद झाली आहेत, आणि ती कागदावर वाद घालून बाद झालेली नाहीत. चाळीस वर्षे हुशार माणसे ज्या वाटेने जात होती ती वाट पुढे बंद आहे हे समजणे, ही या यंत्राची कमाई आहे. शिवाय एक धास्ती वेगळीच. चार कोटी भेटींपैकी सेकंदाला हजार-दोन हजारच साठवता येतात, बाकीच्या क्षणात टाकून दिल्या जातात. काय ठेवायचे हे ठरवणारी चाळणी आपल्याच अपेक्षांनी विणलेली. पाहुणा येऊन, दार वाजवून परत गेला असेल तर? म्हणून अलीकडे काही चाळण्या मुद्दाम वेगळ्या विणल्या जात आहेत. जन्मल्या ठिकाणापासून बरेच दूर जाऊन मोडणाऱ्या कणांसाठी त्यातल्या काही आहेत.

सध्याच्या यंत्राचेही काम संपलेले नाही. २०२६ च्या मध्यापासून काही वर्षे ते थांबवून नव्या चुंबकांसह २०३० च्या सुमारास पुन्हा चालवायचे, आणि मूळ योजनेच्या दहापट नोंदी जमवायच्या, अशी आखणी आहे. त्यात सगळ्यांचे लक्ष एका घटनेवर आहे: एकाच टकरीतून दोन हिग्ज जन्मणे. एक हिग्ज हजार वेळा दिसावा तेव्हा ही जोडी एकदाही दिसली तर नशीब, इतकी ती दुर्मीळ. तिची संख्या अपेक्षेपेक्षा थोडी जास्त किंवा थोडी कमी भरते का, ते पाहायचे आहे. नोंदी जमवण्याचे काम २०४१ च्या आसपासपर्यंत चालायचे आहे. आज आठवी-नववीत असलेली मुले तेव्हा ती मोजणी करण्याच्या वयाची झालेली असतील.